‘भरधाव’ या शब्दाची चौकशी

२००३ सालचा डिसेंबर. सकाळी साडेसातच्या सुमारास फिरून परत येत होतो. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, फाट्याच्या थोडे अलीकडे, पोलिसांची जीप उभी होती. आदल्या रात्री संध्याकाळचे दूध डेअरीत घालून एम-एटीवरून परतणारा एक तरुण तिथे टेम्पोखाली सापडून गेला होता. हवालदारांनी मला हाक मारली. ‘सर, दहा मिनिटं थांबा. पंच पाहिजेत.’ कॉलेजात शिकवणारा माणूस म्हणजे प्रतिष्ठित इसम. मी थांबलो. दुसरे पंच म्हणून पलीकडच्या टपरीवाल्याला बोलावले गेले.

जीपच्या बॉनेटवर कार्बन लावून पंचनामा लिहिला गेला. सदर ठिकाणी पूर्व-पश्चिम जाणारा डांबरी रस्ता असून तो सरळ आहे. मग चतुःसीमा : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस फाटा, दक्षिणेस तमक्याची विहीर. रस्त्यावर रक्ताचा डाग, काचेचे तुकडे, सांडलेले दूध. ब्रेक दाबल्याची खूण हवालदारांनी पावलांनी मोजली आणि ‘सुमारे ४० फूट’ असे लिहिले. उत्तरेच्या कडेला रस्तादुरुस्तीसाठी आणलेल्या खडीचा ढीग होता. कडेला म्हणायचे इतकेच. त्याने डांबराचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला होता. रात्री तिथे दिवा नसतो. त्या पोराने ढीग चुकवायला गाडी मधे घेतली असणार, हे उभ्या उभ्या कळत होते.

पंचनाम्यात खडी आली नाही. मुद्दाम वगळली असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. लिहिणाऱ्याला जे शोधायचे होते, त्यात ती बसत नव्हती. मी वाचून सही केली. मी संख्याशास्त्र शिकवत होतो, आणि त्या सकाळी एक आकडा तयार होताना पाहत होतो, हे मात्र माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली.

रस्ते अपघातांचे सरकारी तक्ते मी निवृत्तीनंतर नीट वाचू लागलो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. महाराष्ट्रात १५,२२४. कारणांच्या तक्त्यात सर्वांत वर अतिवेग आहे : सुमारे ७१ टक्के मृत्यू त्याच्या खाती. हा आकडा भाषणांत येतो, घाटातल्या फलकांवर येतो, दंड वाढवताना पुढे केला जातो. २०१६ पर्यंत तक्त्याची मांडणी वेगळी होती. तेव्हा ८४ टक्के अपघात ‘चालकाच्या चुकीने’ होत असत. पुढे नमुना बदलला, रकाने बदलले आणि चालकाच्या चुकीची जागा बहुतांशी अतिवेगाने घेतली.

हा अतिवेग मोजला कोणी? अपघाताच्या क्षणी गाडीचा वेग नोंदवणारे यंत्र बहुतेक जागी नव्हते आणि नाही. आकड्याचा उगम शोधत मागे गेले की आपण ठाण्यातल्या फिर्यादीपाशी येऊन थांबतो. महाराष्ट्रात ज्यांनी अपघाताची एखादी तरी फिर्याद वाचली आहे, त्यांना ते वाक्य पाठ असेल : आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून अपघात केला. फिर्याद देणारा मेलेल्या माणसाचा भाऊ असो की गावचा पोलीस पाटील, त्याने अपघात पाहिलेला असो वा नसो, वाक्य हेच. कारण ते कायद्याला हवे असते. भारतीय दंड संहितेचे कलम २७९ आणि कलम ३०४-अ (२०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १०६) बेदरकारपणा आणि हयगय यांवर उभी आहेत. वेगाचा शब्द त्या कलमांत नाही. पण बेदरकारपणा कागदावर दाखवायचा कसा? ‘भरधाव’ म्हणून. गुन्हा दाखल व्हावा, घरच्यांना नुकसानभरपाई मागता यावी, यासाठी ठाणे अंमलदार जे शब्द लिहितो, तेच पुढे नमुन्यात ‘कारण’ होतात.

त्या वाक्यात रस्ता एकदाच येतो, आणि तोही चालकाने दुर्लक्ष करण्याची वस्तू म्हणून.

न्यायालयांना हे ठाऊक आहे. कर्नाटकात १९८२ साली नाला ओलांडताना एक ट्रक उलटून १५ माणसे मेली होती. तो खटला १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की ‘जास्त वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे. गाडी वेगात होती एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही, वेग म्हणजे किती आणि कशावरून हे सरकार पक्षाने दाखवले पाहिजे. चालक सुटला. पण वर्षाचा तक्ता त्या वर्षीच वर पाठवलेला असतो आणि खटला निकाली निघायला पाच, दहा, कधी सोळा वर्षे लागतात. निकाल लागल्यावर कोणी जुन्या तक्त्यातला एक आकडा कमी करून येत नाही.

याचा अर्थ गाड्या हळू चालतात असा कोणी घेऊ नये. वेग मारतो. वेग वाढला की धडकेचा जोर त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. माझी तक्रार एवढीच, की ७१ टक्के ही मोजणी म्हणून वाचली जाते. माझ्या मते तिच्यातला मोठा भाग ही कायद्याची शब्दकळा आहे.

‘पाहणाऱ्यांना विचारा’ असे वाटणे साहजिक आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द ज्यांना मिळाला त्यांनी सरासरी ताशी ६६ किलोमीटर सांगितले. नुसता ‘स्पर्श झाला’ असे ज्यांना विचारले त्यांनी ५१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिली का असे विचारले, तेव्हा जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना काच आठवली. वेगाचा प्रश्नच न विचारलेल्यांत असे सहाच निघाले. चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. आता आपल्या ठाण्यात जबाब कसा सुरू होतो ते पाहा : ‘टेम्पो भरधाव आला, बरोबर?’

चालकाचे सांगणे याहून नाजूक. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले आणि पहिल्या दिवशीच्या बातम्यांत तेच कारण आले. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायरफुटीचा पुरावा नसल्याचे म्हटले होते, आणि त्याच अहवालाने अतिवेगही बाजूला ठेवला. लोकांच्या आठवणीत काय राहिले असेल, ते सांगायला नको.

कारणाचे असे, तर निदान जागा तरी पक्की असेल? रस्त्याच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा एकूण १० जण दगावले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. मग तिथे अभियंते येतात, दिवे लागतात, वळण सुधारते. इथे ५०० मीटरला पैसा आणि जीव बांधलेला आहे. आणि आमच्या पंचनाम्यातली जागा काय होती, तर अमक्याचे शेत आणि तमक्याची विहीर. चतुःसीमा ही जमिनीच्या कागदांतून आलेली रीत. गावातल्या माणसाला ती नकाशाहून अचूक वाटते. जिल्ह्याच्या कचेरीत तिचे ‘फाट्यानजीक’ होते. एकाच वळणावरचे चार मृत्यू ‘फाट्यानजीक’, ‘ढाब्यासमोर’, ‘पुलाच्या अलीकडे’ आणि पलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत असे विखुरले, की ते वळण कागदावर निर्धोक राहते.

या बाबतीत सुधारणा झाली आहे, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आयआयटी मद्रासने तयार केलेली ‘आयरॅड’ ही प्रणाली २०२१ पासून ज्या सहा राज्यांत आधी सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरून मोबाइलवर नोंद करतो, अक्षांश-रेखांश आपोआप पडतात, छायाचित्रे जोडली जातात. शेत आणि विहीर यांच्यापेक्षा हे कितीतरी बरे. छायाचित्र कोणत्या दिशेला तोंड करून काढायचे, हे मात्र अजून माणूसच ठरवतो.

कारण आणि जागा सोडून नुसती माणसे मोजू या. मेलेला माणूस हा तर सर्वांत ठाम आकडा. पण २०२१ साठी रस्ते मंत्रालय १,५३,९७२ म्हणते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १,५५,६२२. दोघांचीही माहिती पोलिसांकडूनच आलेली. जागतिक आरोग्य संघटना २०१६ साठी १,५०,७८५ या आपल्या सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, २,९९,०९१, असा अंदाज देत होती. २०२१ साठी तिचाच अंदाज २,१६,६१८ आहे. पाच वर्षांत ऐंशी हजार माणसे खरोखर वाचली असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा बाहेरून आलेला मोठा आकडाही डोळे मिटून घेण्याजोगा नाही.

फरक पडतो कुठे? एक वाट मला परिचयाची आहे. अपघात आमच्या तालुक्यात होतो, जखमीला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवतात, अकराव्या दिवशी तो जातो. अकस्मात मृत्यूची नोंद तिथल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने होते आणि कागद आमच्या ठाण्याकडे यायला निघतात. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू आला तर तो रस्त्यावरचा मृत्यू मानायचा, अशी आंतरराष्ट्रीय रीत आहे. तिसाव्या दिवशीचा मृत्यू तक्त्यात यायचा तर दोन जिल्ह्यांतल्या कागदांनी एकमेकांना वेळेवर गाठले पाहिजे.

जखमींचे तर विचारूच नये. २०२२ मध्ये आपल्याकडे १,६८,४९१ मृत्यूंमागे ४,४३,३६६ जखमी नोंदले गेले. एका मृत्यूमागे अडीचाहून थोडे जास्त. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११ मृत्यू आणि सुमारे १,३३,७०० जखमी, एकामागे ७८. आपल्याकडे दुचाक्या जास्त, उपचार उशिरा, म्हणून मृत्यूचे प्रमाण जास्त, हे मान्य. पण तीस पट? गुडघा फुटलेला, हात मोडलेला माणूस ठाण्यात जातच नाही. आपसात मिटवतो, डॉक्टरला ‘पडलो’ म्हणून सांगतो. आणि ब्रिटिश स्वतःच सांगतात की त्यांच्या पोलिसांकडेही बरेच जखमी पोहोचत नाहीत.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा रकाना पायी चालणाऱ्यांचा आहे. सरकारी तक्त्यात २०१४ मध्ये १२,३३० पादचारी मेले, २०१८ मध्ये २२,६५६, २०२२ मध्ये ३२,८२५. आठ वर्षांत अडीच पटीहून अधिक. एकूण मृत्यू तेवढ्यात वीस-एकवीस टक्केच वाढले. लोक अचानक रस्त्यावर उतरले काय? मला वाटते, ते आधीही मरत होते आणि दुसऱ्या कुठल्या रकान्यात पडत होते. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन ही शंका वर्षानुवर्षे मांडत होते. जुन्या नोंदींचा रोख ‘दोषी वाहन कोणते’ याकडे. ट्रकने चालत्या माणसाला उडवले तर तक्त्यात ट्रक ठळक. माणूस कशाने प्रवास करत होता हे विचारायचे तर तो कशानेच करत नव्हता.

याला पडताळा देणारे एक काम झाले आहे, आणि त्याची रीत मला फार आवडते. ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीत भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतल्या घरांत जाऊन, घरातला माणूस कसा गेला हे घरच्यांनाच विचारले गेले आणि डॉक्टरांनी ती हकिगत वाचून कारण ठरवले. त्यावरून २००५ साठी रस्ते अपघातांत १,८३,६०० मृत्यूंचा अंदाज निघाला; पोलिसांच्या आकड्याहून निम्म्याने जास्त. त्यांत ३७ टक्के पादचारी होते. ठाण्याचा प्रश्न असतो, गुन्हा कोणाचा? घराला फक्त हे ठाऊक असते, की तो चालत निघाला होता.

आता यंत्रे आली आहेत आणि यंत्र खोटे बोलत नाही, असे म्हणतात. सीसीटीव्हीचे घ्या. दोन खांबांमध्ये १० मीटर अंतर आहे आणि गाडी ते ०.६ सेकंदात कापते, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत असेल तर मधे १५ चित्रे पडतात. एखादे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. पण साठवणीची जागा वाचवायला दुकानदाराने तो सेकंदाला ५ चित्रांवर ठेवला असेल तर मधे ३ चित्रे. एका चित्राची चूक झाली, की तीच गाडी ताशी ४५ ने किंवा ९० ने जाऊ लागते. शिवाय त्या कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी कधी लावले होते, देव जाणे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्या तपासाच्या बातम्या मी कात्रणे काढून ठेवल्या आहेत, कारण इतके स्रोत एका अपघातावर क्वचित लागतात. चारोटीच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यावरून पोलिसांनी सांगितले, की गाडीने सुमारे २० किलोमीटर ९ मिनिटांत कापले. म्हणजे सरासरी ताशी १३३. मर्सिडीज कंपनीने गाडीतली नोंद वाचून कळवले, की धडकेआधी ५ सेकंद वेग १०० होता आणि धडकेच्या वेळी ८९. दोन्ही खरे असू शकते. एक आकडा वीस किलोमीटरचा आहे, दुसरा पाच सेकंदांचा. बातम्यांत मात्र ज्याला जो हवा तो त्याने उचलला. मंत्रालयाने नेमलेल्या न्यायवैद्यक पथकाने तिसरीच गोष्ट पुढे आणली : पुलाचा कठडा रस्त्याच्या बाजूपट्टीत घुसलेला होता आणि पुलाची रचनाच सदोष होती. शिवाय मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. अपघात का झाला आणि माणूस का दगावला, हे वेगळे प्रश्न. त्यांची उत्तरे वेगळ्या कागदांवर होती. मेलेला माणूस देशभर माहीत असलेला, म्हणून ते कागद एकत्र आले. एम-एटीवरच्या पोरासाठी एकच कागद होता आणि त्यावर माझी सही होती.

२००८ मध्ये मला समन्स आले. साक्षीच्या आदल्या दिवशी पंचनामा पुन्हा वाचायला मिळाला. ‘रस्ता सरळ’, ‘ब्रेकची खूण सुमारे ४० फूट’. रात्री मी हिशेब केला. चाके जाम झाल्यावर गाडी किती घसरते ते तिचा वेग आणि रस्त्याचे घर्षण यांवर ठरते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ४० फुटांच्या, म्हणजे १२ मीटरच्या खुणेवरून वेग निघतो ताशी ४६-४७ किलोमीटर. खडीची कच पडलेली असेल आणि ०.५ धरला तर ३९. हवालदारांची पावले थोडी आखूड असती तरी फारसे बिघडत नव्हते, कारण वेग अंतराच्या वर्गमुळावर जातो. खूण उमटण्याआधी ब्रेकने थोडा वेग खाल्ला असेल, तेव्हा यात थोडी भर घालू. पन्नास म्हणा. मोकळ्या रस्त्यावर पन्नासने येणारा टेम्पो. फिर्यादीत तो भरधाव होता.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारले, ‘ही सही तुमची?’ ‘हो.’ ‘मजकूर तुमच्यासमोर लिहिला?’ ‘हो.’ ‘तो खरा आणि बरोबर आहे?’ मी ‘हो’ म्हणालो. आरोपीच्या वकिलांनी एवढेच विचारले, की अंतर टेपने मोजले होते का. ‘नाही, पावलांनी.’ साक्ष संपली. पुढे पुराव्याअभावी टेम्पोचालक सुटल्याचे कळले.

बाहेर बाकावर त्या मुलाचे वडील बसले होते. मला पाहून उठले. ‘सर, खडीचं काही निघालं का आत?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘कागदावर नव्हती.’

ते पुन्हा बसले. अपघातानंतर आठवड्याभरातच ती खडी त्याच रस्त्यावर पसरून वर डांबर ओतले गेले होते.